व्हर्लीनची सकाळची गोळी

नेब्रास्कातल्या एल्म फोर्क गावात व्हर्लीन हॉफरला ‘नाही’ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. एक डेलबर्ट सोडला तर. पण तो तिचा नवरा, आणि त्याचं ‘नाही’ आजवर तिच्या कानापर्यंत पोचलंच नव्हतं. चर्चला नवं छप्पर हवं असो की कुणाच्या पोराला नोकरी, व्हर्लीन सफरचंदाचा केक घेऊन दारात उभी राही आणि काम झाल्याशिवाय सुरी बाहेर काढत नसे.

मध्यंतरी बाई पार खचली होती. मूत्रपिंडावरची कसलीशी ग्रंथी पिसाळली, तोंड भोपळ्यासारखं सुजलं, साखर चढली, नुसत्या शिंकेने बरगडी मोडली. ऑपरेशन करूनही दुखणं परतलं. गाव म्हणालं, केक हल्ली घरातच संपतात वाटतं! मग ओमाहाच्या डॉक्टरने रोज घ्यायची गोळी लिहून दिली. देताना त्याने विचारलं, “दिवस गेले असण्याची शक्यता?” सत्तरीला टेकलेल्या व्हर्लीनने हा विनोद महिनाभर घरोघरी वाटला. “म्हटलं, डेलबर्टला विचारून सांगते!”

गोळी मात्र लागू पडली. भोपळा उतरला, केक पुन्हा फिरू लागले. गोळ्या टपालाने येत. पुढच्या गोळ्यांसाठी औषधाच्या दुकानातून फोन आला की जिभेला गाठ मारणारं ते नाव न अडखळता सांगायचा तिला कोण अभिमान! सोबतच्या माहितीपत्रकावर ती बटाटे सोलायची.

अशात गर्भपाताच्या गोळीवर देशभर बंदी आणायचा कायदा वॉशिंग्टनमध्ये मांडला गेला. पाठिंब्याच्या सह्या जमवायला व्हर्लीनशिवाय कोण? गावातल्या निम्म्या बाळांच्या टोप्या तिनेच विणलेल्या, आणि प्रत्येक जिवाबद्दलचा तिचा कळवळा अस्सल होता. पहिली सही तिची, उरलेल्या सह्या केकच्या जोरावर. एक मात्र होतं. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसं ही मंडळी त्या औषधाचं नाव घेत नसत. ‘ती गोळी’ म्हणायचं आणि मान फिरवायची.

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे चर्चच्या तळघरात जेवायला जमले. सह्यांचे कागद न्यायला सिनेटरच्या कचेरीतला टकर नावाचा तरुण आला होता. त्याने कायद्याचा मसुदा वाचायला घेतला.

“या कायद्याने मि... मिफ्रे... मिफेस्ट्रो...”

“मिफेप्रिस्टोन, बाळा,” व्हर्लीन मागून प्रेमाने म्हणाली. “घाई करू नकोस, तुकडे पाड.”

“थँक्यू मॅडम. मिफेप्रिस्टोन या औषधाची सर्व मान्यता रद्द होईल.”

काटे-चमचे थांबले.

“व्हर्लीन,” शेजारची आर्डिस हळूच म्हणाली, “तुला गं कसं ठाऊक त्या गोळीचं नाव?”

“रोज सकाळी टोस्टबरोबर घेते की.”

पन्नास माणसांची नजर आधी तिच्या तोंडाकडे, मग पोटाकडे, आणि मग डेलबर्टकडे गेली. डेलबर्टने घेतलेला कॉफीचा घोट नाकातून बाहेर आला.

व्हर्लीनला मात्र हसू आलं नाही. डॉक्टरचा तो प्रश्न विनोद नव्हता, हे तिला आत्ता कळलं. बरगडी मोडली तेव्हाचा ‘कट्’ असा आवाज पुन्हा ऐकू आला.

“म्हणजे माझी गोळीही बंद?” तिने विचारलं.

“आजारासाठी अपवाद ठेवतील, मिसेस हॉफर.”

“कुठे लिहिलंय?”

टकरने पानं उलटली. पुन्हा उलटली. “अजून लिहिलेलं नाही. पण ठेवतीलच.”

“छपराचा कंत्राटदारही असंच म्हणाला होता. वर जाऊन गळतीखाली ठेवलेल्या बादल्या बघ.”

“अगं, तुझी गोष्ट वेगळी,” आर्डिस म्हणाली. “तुझं दुखणं आहे.”

“दुखणं वेगळं असेल गं. गोळी तीच आहे.” व्हर्लीनचा आवाज चिरका झाला. “दोन वर्षं मी जिच्यावर जगतेय, तिच्याविरुद्ध केक भाजत होते मी! आणखी कोण कोण कशासाठी घेतं, कुणाला ठाऊक? मी तर माझंही विचारलं नव्हतं.”

तिने सह्यांचे कागद उचलले, केकच्या रिकाम्या डब्यात घातले आणि झाकण दाबून बसवलं.

“आधी लिहून आण. मग ने.”

“मॅडम, हे उद्या पोचायलाच हवं. एवढ्यासाठी...” टकरने डब्याला हात घातला.

“नाही,” कुणीतरी म्हणालं.

व्हर्लीनने दचकून मागे पाहिलं. नाकावरची कॉफी तशीच ठेवून डेलबर्ट उभा होता, आणि त्याचा भला थोरला पंजा डब्याच्या झाकणावर होता.