रेडिओ आधी लागला

चष्मेवालीने पहिला खून केला तो एका वाक्यात, आणि तोही बिस्किटांच्या बशीशेजारी. "सकाळी बंगल्याचे मालक खुर्चीतच सापडले; चहा गार झाला होता आणि तेही." बस्स. रक्ताचा थेंब नाही, आरडाओरडा नाही. हे वाक्य लिहिताना तिच्या स्वतःच्या भुवईला टाके होते आणि डावा डोळा सुजून बंद झाला होता, त्यामुळे ओळ कागदावर तिरकी उतरली.

चष्मेवाली म्हणजे चष्म्याच्या दुकानात काम करणारी. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, काड्या गरम करून कानामागे वळवायच्या, काचा घासून खाचेत बसवायच्या. गल्लीत तिला याच नावाने ओळखत, आणि तिच्या नवऱ्याला मास्तर म्हणून. मास्तर गाडी चालवायला शिकवायचा. एखाद्या शिकाऊ बाईने गाडी थेट भिंतीवर घातली तरी तो म्हणायचा, "होतं असं. घाबरू नका. पुन्हा फर्स्ट टाका." काय तो संयम, काय ते डोक्यावर बर्फ! अर्धी गल्ली त्याच्याकडेच स्टेअरिंग धरायला शिकली होती. सगळा संयम असा दिवसभर बाहेर वाटून झाला की हा गृहस्थ रिकाम्या हातांनी घरी यायचा, आणि ते हात मग बायकोवर पडायचे.

त्यातही त्याची एक शिस्त होती. आधी मनगटावरचं घड्याळ काढायचं. पट्टा सोडवून ते टेबलाच्या काचेवर ठेवायचं, कारण ते वडिलांचं होतं आणि त्याला धक्का लागलेला त्याला खपला नसता. मग मारायचं. निमित्त काहीही चालायचं: टॉवेल ओला का, हसलीस का, हसली नाहीस का. त्याने तिचं डोकं कपाटाच्या कडेवर आपटलं होतं. बरगडीत लाथ घातली होती. एकदा तिची बोटं ड्रॉवरमध्ये असताना गुडघ्याने ड्रॉवर बंद केला आणि तसाच दाबून धरून विचारलं, "आता बोल." बोलणार काय, कपाळ!

आतल्या खोलीत सासूबाई असायच्या. त्यांची नजर पार गेलेली, पण कान शाबूत. सोबतीला रेडिओ. बाहेरच्या खोलीत हे चाललेलं असताना आत रेडिओ इतक्या मोठ्याने वाजायचा की भिंतीपलीकडच्या शेजारणीला गाण्याचे शब्दही पाठ झाले असतील.

एकदा, बोटांवरची सूज उतरायच्या आत, चष्मेवालीने पोलीस चौकी गाठली. तिथल्या हवालदाराने मान डोलावली आणि विचारलं, "ऐकणारं कोणी होतं?" तिने सासूबाईंचं नाव सांगितलं. हवालदार घरी आला. तोही मास्तरचाच विद्यार्थी निघाला, म्हणून आधी चहा झाला. मग सासूबाईंनी कानावर हात ठेवले. "मला बाई काही ऐकू आलं नाही. रेडिओ चालू होता." शेजारीण म्हणाली, तिच्याही कानावर फक्त रेडिओच आला. हवालदार कप ठेवून गेला. मास्तरने दाराला कडी लावली आणि घड्याळ काढलं. त्या वेळी तिने चष्मा घातलेला होता, तो तसाच असताना त्याने मूठ मारली. भुवईत काच घुसली.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काचांच्या रिकाम्या पाकिटाच्या मागच्या बाजूला तिने बंगल्याच्या मालकाला मारून टाकलं. मारल्यावर तिला भूक लागली. कितीतरी दिवसांनी.

मग तिला सोसच लागला. दुपारचं दुकान थंड असलं की तिची पाकिटं भरू लागायची. तिच्या कथेतली मावशी निवृत्त शिंपीण होती. गोड बोलायची, सगळ्यांच्या घरी चहा प्यायची, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून खुनी कोण ते सांगायची. मावशीच्या गावात साक्षीदार मिळायचेच. माळ्याने पाहिलेलं असायचं, दूधवाल्याने ऐकलेलं असायचं. चष्मेवालीला सगळ्यात जास्त हेवा वाटायचा तो याचाच. तिला नवरा मरायला नको होता, सूडही नको होता. एका माणसाने, एकाच, तोंडाने म्हणायला हवं होतं: मी ऐकलं. नाहीतर एक दिवस तिलाच खुर्चीत गार झालेली पाहतील आणि म्हणतील, मास्तर किती शांत माणूस, बिचारा एकटा पडला.

दुकानाचा मालक म्हातारा होता. तिची फ्रेम वाकली की न बोलता गरम करून सरळ करून द्यायचा. एकदा म्हणाला, "तुझी डावीच काडी वाकते गं नेहमी." मग जीभ चावून पुन्हा काडीकडे वळला. उजव्या हाताचा फटका डाव्या गालावर बसतो, हे ज्याला वाकलेल्या काडीवरून कळतं, त्याला पुढचं कळत नसेल? कळत होतं. मूग गिळून बसला होता, झालं.

लिहिलेलं वाचून दाखवायला तिला माणूस हवं होतं, आणि घरात ऐकायला रिकामं असं एकच माणूस होतं. सुट्टीच्या दुपारी मास्तर शिकवणीला गेला की ती सासूबाईंपाशी बसून हळू आवाजात वाचायची. म्हातारी चटकन नादाला लागली.

"माळ्यानेच मारलं. मेला तोंडावरून गरीब वाटतो."

"माळ्याचं तोंड तुम्ही कुठे पाहिलंत?"

"आवाजावरून कळतं गं मला. पुढे वाच."

चुकलं की रुसायच्या, पुन्हा दुसऱ्यावर बोट ठेवायच्या. ज्या कानांना सुनेचं ओरडणं ऐकू येत नव्हतं, त्यांना तिची कुजबुज मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकू यायची. ती हे पाहत होती आणि वाचत होती.

पाकिटांवरून उतरवून तिने कादंबरी एका प्रकाशन संस्थेकडे पाठवली, आणि तिथल्या संपादिकेने ती ठेवून घेतली. बोलावून घेतलं आणि म्हणाली, "खून झकास आहे. पण बंगल्याचा मालक घरातल्यांना मारतो ती पानं काढा."

"पण त्याच्यामुळेच तर खून होतो."

"अहो, लोक चहा पिता पिता वाचतात असली पुस्तकं. वाचकाला खून चालतो, मारहाण नाही चालत. मजा जाते."

चष्मेवाली रस्त्यावर येऊन हसली. हसता हसता बरगडी कळवळली तरी हसू आवरेना. मग तिने बसून एकेक लाथ, एकेक थप्पड, ड्रॉवर, कपाटाची कड, सगळं काढून टाकलं. दोनच गोष्टी ठेवल्या: टेबलाच्या काचेवर घड्याळ ठेवल्याचा टक असा आवाज, आणि आतल्या खोलीतला रेडिओ. एवढ्याने कुणाचा चहा कडू होणार नव्हता.

शेवटच्या प्रकरणात या दोन गोष्टींची सांगड घालताना ती अडली. आधी काय? घड्याळ, मग मार, मग किंकाळी, मग रेडिओ? तिने डोळे मिटून आठवलं. एकेक प्रसंग पुन्हा अंगावर घेतला. हातातली चष्म्याची काच तिने इतकी घट्ट दाबली की ती फुटून तळव्यात गेली. रेडिओ किंकाळीनंतर कधी लागलाच नव्हता. टक आवाज व्हायचा आणि रेडिओ लागायचा. पहिला फटका त्यानंतर. म्हणजे म्हातारीने कान झाकले नव्हते. म्हातारीने गल्लीचे कान झाकले होते. चष्मेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रक्त कागदावर टपकत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

तिने शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं आणि ते सासूबाईंना वाचून दाखवलं नाही. "खुनी कोण, ते प्रकाशनाच्या दिवशी हॉलमध्येच कळेल," म्हणाली. म्हातारीने हट्ट धरला, अबोला धरला, पण सुनेने ताकास तूर लागू दिली नाही.

मास्तर तर हवेत होता. पुस्तकातलं अक्षर त्याने वाचलं नव्हतं, पण लेखिकेचा नवरा म्हणून मिरवायला मिळत होतं. "माझे आभार मानायचे. नीट, नाव घेऊन," त्याने तिचा दंड पिरगळून बजावलं. "आणि तिथे जास्त बोललीस तर घरी यायचंच आहे."

ग्रंथालयाच्या वाचनकक्षात कार्यक्रम होता. कुणाकुणाला बोलवायचं ते तिने स्वतः ठरवलं होतं: शेजारीण, दुकानाचा मालक, हवालदार, आणि मास्तरकडे शिकलेली सगळी गल्ली. मावशीसारखंच, सगळे एका खोलीत. पहिल्या रांगेत मास्तर, मांडीवर पुष्पगुच्छ. शेजारी सासूबाई, मान तिरकी करून, कान पुढे करून. व्यासपीठावर काचेचं टेबल. तिने पुस्तक उघडलं आणि शेवटचं प्रकरण काढलं. हे फुकट गेलं तर घरी कडी लागणार होती, आणि या वेळी ती जिवंत सुटेल याची तिला खात्री नव्हती.

"मावशी म्हणाली," तिने वाचलं, "'या घरात रेडिओ किंकाळीनंतर लागला असं तुम्ही सगळे सांगता. चूक. रेडिओ आधी लागला. टेबलावर घड्याळ ठेवल्याचा आवाज झाला, रेडिओ लागला, आणि मग किंकाळी. रोज. म्हणजे लावणाऱ्याला पुढचं ठाऊक होतं. ज्याला रोज आधी ठाऊक असतं, त्याला एक दिवस ते सोसवत नाही. मग तो हात रेडिओकडे न जाता चहाच्या कपाकडे जातो.' कोपऱ्यातून बंगल्याच्या मालकाची आई उठली. म्हणाली, 'मीच.'"

पहिल्या रांगेत सासूबाई उभ्या राहिल्या.

"मी लावायचे रेडिओ," त्या म्हणाल्या.

दोन-चार जण हसले. म्हातारी गोष्टीत रमली, त्यांना वाटलं.

"आई, बस खाली." मास्तर हसतच उठला. पण तो आईला बसवायला थांबला नाही. गुच्छ खुर्चीवर ठेवून तो सरळ व्यासपीठावर चढला, आणि चढता चढता त्याचा उजवा हात डाव्या मनगटाकडे गेला. इतक्या माणसांसमोर! सवय ती सवय. पट्टा सुटला. घड्याळ काचेवर ठेवलं गेलं. टक.

सासूबाईंचा हात बाजूला गेला आणि हवेत चाचपडला. रेडिओचं बटण जिथे असायचं, तिथे काहीच नव्हतं.

"घड्याळ काढलं त्याने!" म्हातारी किंचाळली. "आता मारेल! धरा त्याला, मारेल तो तिला!"

धरेपर्यंत मारलंच. पहिल्या ठोशाने ओठ फाटला आणि चष्मा उडाला. दुसऱ्यांदा त्याने तिचे केस धरून तोंड टेबलावर आपटलं, काच तडकली, पुस्तकाच्या उघड्या पानांवर रक्त सांडलं. तिसरा हात हवालदाराने वरच्या वर पिरगळला. दुकानाचा मालकही धावला आणि मास्तरच्या पाठीवर ओझ्यासारखा लटकला. मास्तर ओरडत होता, शिव्या देत होता, आपल्याच विद्यार्थ्यांच्या अंगावर लाथा झाडत होता. सगळी गल्ली ऐकत होती.

तो जमिनीवर दाबला गेल्यावर मालकाने चष्मा उचलला. "डावी काडी," तो म्हणाला आणि रडायला लागला. "दरवेळी डावीच. मी आपला सरळ करून द्यायचो."

हवालदाराने घसा खाकरला. चष्मेवालीकडे बघायची त्याला हिंमत झाली नाही. "आजी, तुम्ही याआधी कधी ऐकलं होतं?"

"सगळं ऐकलंय. लग्न होऊन आली त्या दिवसापासून."

हेच शब्द ऐकायला ती इतकी वर्षं तडफडली होती. आता मोकळं वाटायला हवं होतं. पण तिला त्या म्हातारीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. फाटक्या ओठाने ती ओरडली, "मग तेव्हा का नाही बोललात? माझी बोटं मोडली तेव्हा का नाही बोललात?"

सासूबाई तिच्या आवाजाच्या रोखाने व्यासपीठावर आल्या आणि त्यांनी टेबल चाचपलं. फुटक्या काचेतून बोटं कापत नेली आणि घड्याळ हातात घेतलं.

"त्याचा बापही आधी हेच काढून ठेवायचा," त्या म्हणाल्या. "तेव्हा रेडिओ माझी सासू लावायची."

चष्मेवालीने त्यांना माफ केलं नाही, त्या दिवशी तर नाहीच. पण तिने त्यांच्या कापलेल्या बोटांभोवती आपला रुमाल गुंडाळला, त्यांना खुर्चीवर बसवलं आणि हवालदाराकडे वळली.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "हे पण लिहून घ्या."