साडूभाऊंचा सरळ धावणारा पिस्टन

कुठलीही गोष्ट आधी समीकरणात मांडल्याशिवाय हातात न घेणारा माणूस म्हणजे आमचे साडूभाऊ. जुन्या जालन्यात कापडाच्या घाऊक दुकानांमागच्या बोळात त्यांचं घर, आणि नोकरी तंत्रनिकेतनात शिकवण्याची. फीडबॅक हे त्यांचं दैवत. केलेल्याचा परिणाम बघून पुढचं ठरवायचं, एवढाच त्याचा अर्थ. पण साडूभाऊंनी तो चहालाही लावला. घोट घ्यायचा, चिमूटभर साखर टाकायची, पुन्हा घोट. साखर जमेपर्यंत चहाचं सरबत झालेलं असे. वाटूरच्या एका लग्नात वाढप्यानं लाडू पुढे केला तर म्हणाले, "थांबा जरा. पोट भरलं का न्हाई, ते उशिरा कळतं. वाट पाहून राह्यलो." सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही, त्यामुळे त्यांच्या पोटाचा निरोप येईपर्यंत अख्खी पंगत वाळलेल्या हातांनी बसून राहिली. त्यात मीही होतो, आणि मला भयंकर राग आला होता.

त्यांचा खरा जीव मात्र लिनिअर कंप्रेसरमध्ये, म्हणजे फ्रिजमधला गॅस दाबणाऱ्या सरळ चालीच्या पंपात. नेहमीच्या फ्रिजमध्ये मोटर गोल फिरते आणि दांडा पिस्टनला पुढेमागे ढकलतो. यांच्या यंत्रात चुंबक आणि स्प्रिंगच्या जोरावर पिस्टन सरळच येजा करणार. त्याला धरून ठेवणारं काही नाही. कमी सरकला तर गारवा नाही, जास्त सरकला तर झाकणावर ठाणकन आदळणार. म्हणून तो कुठवर गेला हे चुंबकाला हलवणाऱ्या कॉइलच्या करंटवरून ताडून सर्किटनं त्याला दर खेपेला आवरायचं. "भांड्यांच्या आवाजावरून हिचा मूड कळतो, बराबर तसंच," ते सांगत. लगेच आतून भांडं आपटल्याचा आवाज येई.

हा सगळा खटाटोप ताईंसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, माझ्या थोरल्या मेव्हणीसाठी होता. ताईंना रोज इन्सुलिन लागे, आणि बोळात व्होल्टेज इतकं कमी की साधा फ्रिज नुसता घुमायचा. कुणी स्टॅबिलायझर सुचवला की साडूभाऊ भडकत. "ही लाचारी झाली! माझं मशीन कमी व्होल्टेजवर बी बिलकुल चालंल."

थंडीत ते खरंच चाललं. जुन्या फ्रिजला जोडलेलं यंत्र बघायला बोळातले व्यापारी येऊन गेले, ताईंनी पेढे वाटले. मग मे महिना आला. साडूभाऊंचं समीकरणांचं मॉडेल गॅसच्या हिवाळ्यातल्या दाबावर बेतलेलं. उन्हाळ्यात गॅसचा दाब वाढला, तो पिस्टनला जास्त जोरानं मागे रेटू लागला, आणि सर्किट आपलं जुन्याच लयीत ढकलत राहिलं. फ्रिज आतून कोमट. मी गेलो तेव्हा इन्सुलिनची बाटली हातात धरून साडूभाऊ फ्रिजपुढे उभे होते.

"माठापाशी ठिवते मी," ताई म्हणाल्या. "तुम्ही मशीनचं बघा. आता सोडू नका."

साडूभाऊंनी यंत्राची वायर काढली, शर्ट चढवला आणि भर दुपारी मला दुकानात नेलं. साधा फ्रिज घेतला, वर स्टॅबिलायझर. मी चिडवलं, "भाऊ, आज समीकरण न मांडताच?"

"मॉडेल चुकलं तर पुन्हा मांडता येतं," ते म्हणाले. "ही गेली तर मंग कुठून आणू?"

यंत्र माळ्यावर गेलं. उन्हाळ्याचं समीकरण साडूभाऊंनी पुढे कधी पुरं केलंच नाही. आता ते निवृत्त झालेत. घरी पाहुणे आले की ताईच ते यंत्र खाली काढायला लावतात, पदरानं पुसतात आणि सांगतात, "थंडीत चालल्तं बरं का. मी गार पाणी पिल्तं त्यातलं." साडूभाऊ तेव्हा खिडकीबाहेर बघत बसतात, आणि त्यांना चिडवणं माझ्या जिवावर येतं.