अकरा गोष्टींत नऊदा पाऊस आणि आठ दिवस कुवेत

कुवेतला लोक नोकरीसाठी जातात, नाहीतर लेकीच्या बाळंतपणाला. मी गेले ती साडेनऊ वर्षांच्या मुलीशी भांडायला.

मुलगी म्हणजे मिहिका, माझ्या भाचीची, गौरीची लेक. गौरी तिथे एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. मी चिपळूणची, शाळेतून रिटायर झालेली, मुलांसाठी गोष्टी लिहिणारी. नव्या पुस्तकाच्या बारापैकी अकरा गोष्टी लिहून झाल्या होत्या आणि बारावी काही केल्या होत नव्हती. म्हटलं, मिहिकाला अकरा पाठवून बघू, पोरगी कौतुक करेल, जरा हुरूप येईल. तीन आठवड्यांनी तिचा व्हॉइस मेसेज आला.

"मावशीआजी, मी काउंट केलं. इलेव्हन स्टोरीज आहेत, त्यातल्या नाइनमध्ये पाऊस आहे. नेक्स्ट काय होणार ते तुला सुचत नाही ना, तेव्हा तू पाऊस पाडतेस."

तो मेसेज मी चारदा ऐकला. चारही वेळा राग आला, कारण कार्टी खरं बोलत होती. पात्रं अडकली की मी आभाळ भरून आणते, सगळ्यांना भिजवते आणि शेवटी कुणाच्या तरी पडवीत गरम भजी खायला बसवते. चिपळूणच्या बाईला पाऊस काही शोधावा लागत नाही, दार उघडलं की असतोच. पण खरी भीती वेगळी होती. मुलांना काय आवडतं हे मला आता कळेनासं झालंय की काय, या विचारानं मी वर्षभर रात्री कूस बदलत होते.

गौरी म्हणाली, "मावशी, तू येच. इथल्या मराठी मंडळाच्या मुलांसमोर वाचून दाखव. मग बघू कोण खरं." मिहिकानं लगेच पैज लावली. मुलं शेवटपर्यंत बसली तर माझा पाऊस राहणार. उठून गेली तर बाराव्या गोष्टीत एक थेंबसुद्धा चालणार नाही आणि विषय ती देणार. मी हो म्हणाले. साडेनऊ वर्षांच्या मुलीला घाबरले असं गावभर झालं असतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसाचं गौरीनं ऑनलाइन केलं. मुंबईहून विमान साधारण चार तासांचं. नोव्हेंबरअखेर जा, आणि वाळवंट वाळवंट करत स्वेटर घरी ठेवू नका, संध्याकाळी हुडहुडी भरते. आणि खसखस चुकूनही नेऊ नका, तिथे तिला बंदी आहे. मी अनारसे केले होते, ते शेजारणीला देऊन गेले. शेजारीण म्हणाली, दरवर्षी जात जा.

गौरीचं घर फरवानियात, चौथ्या मजल्यावर. खाली पैसे पाठवायची दुकानं, शिंप्यांची दुकानं, मल्याळी हॉटेल, किराणा मालाचा बकाला आणि इराणी रोट्यांची भट्टी. ही रोटी काही फिल्सना मिळते, दिनारचे हजार फिल्स होतात. सकाळी गरम रोटी वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची आणि जिन्यातच निम्मी संपवायची. गौरी म्हणते, तिच्या घरी चार वर्षांत पूर्ण रोटी पोचलेली नाही.

दुसऱ्या दिवशी एसीचं सर्व्हिसिंग करायला एक जण आले. शिडीवर चढून फिल्टर काढता काढता ते माझं आणि गौरीचं बोलणं ऐकत होते. शेवटी खाली न बघताच म्हणाले, "बाई चिपळूणच्या का?"

हे दत्ताराम. (नाव बदललंय, त्यांनीच सांगितलं होतं.) राजापूरकडच्या एका वाडीतले, अकरा वर्षं कुवेतात, सात जणांत एक खोली. मी शिक्षिका होते म्हटल्यावर शिडीवरून उतरून नमस्कार केला आणि मग चहाला नाही म्हणाले नाहीत. मिहिकानं त्यांना पैजेची सगळी हकीकत सांगितली, तीसुद्धा माझ्यादेखत. दत्ताराम गंभीरपणे ऐकून म्हणाले, "नऊ जरा जास्तच झाले, बाई." घरात एसी होता, तरी मला घाम फुटला.

मधल्या दिवशी मुबारकियाच्या जुन्या बाजारात जाऊन आले. फरवानियातून बस मिळते, तिकीट अगदी थोडं. खजूर चाखून घ्या, दुकानदार रागावत नाहीत. मीच चाखून चाखून जेवायचं विसरले. मासळीच्या आवारातही जाऊन या. एक पापलेट बघून मी "ताजं आहे का?" असं मराठीत विचारलं आणि पलीकडच्यानं हिंदीत उत्तर दिलं, "अभी तक तो हिल रहा था, अम्मा."

शुक्रवारी सुट्टी, म्हणून वाचन शुक्रवारी. भाड्यानं घेतलेला हॉल, सोळा मुलं, मागे आया आणि सामोसे. मी माझी सगळ्यात लाडकी गोष्ट निवडली होती. धो धो पावसात एक मुलगा कागदाची होडी सोडतो आणि तिच्यामागे धावत गावभर फिरतो. अर्धं पान झालं असेल, एक हात वर आला.

"त्याला स्कूलला सुट्टी का नाही? रेन आहे ना?"

"पावसाची सुट्टी कशाला?" मी म्हटलं.

सोळाच्या सोळा मुलं माझ्याकडे दयेनं बघायला लागली. मग त्यांनी मला पाऊस शिकवला. पाऊस म्हणजे आदल्या दिवशीच फोनवर सूचना, शाळा बंद, ऑनलाइन क्लास. पाऊस म्हणजे पुलाखाली बुडालेल्या गाड्या. पाऊस म्हणजे आईच्या बेडवर बादली, कारण छत गळतं. धुळीतून पाऊस पडला की पांढऱ्या गाडीवर चिखलाचे ठिपके. एका मुलीनं विचारलं, "त्याच्या बाबांच्या कारची काच फुटली का?" काच कशी फुटेल, म्हटल्यावर ती म्हणाली, पाऊस झाला की रस्त्यातली खडी सुटते आणि पुढच्या गाडीच्या टायरखालून उडून येते. त्यांची दोनदा फुटली होती.

मी नेटानं होडीपर्यंत पोचले. होडी वाहत वाहत ओढ्याला मिळाली.

"दॅट्स लिटरिंग," चष्मेवाला एक मुलगा म्हणाला.

गौरीनं ओढणी तोंडात कोंबली. चौथ्या पानाला पाच श्रोते उरले. त्यातले दोन झोपले होते आणि एक सामोसेवाल्या काकूंचा होता, त्याला जाता येत नव्हतं. मिहिका मात्र पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसली. जिंकलेल्या माणसाला बसायला काय जातंय. फार वाईट वाटलं मला. चाळीस वर्षं मुलांसमोर उभं राहून मला कुणी असं सोडून गेलं नव्हतं.

आता खरं तर मुकाट्यानं हार मानायची. पण माझा स्वभाव तसा नाही. मी दत्तारामना फोन लावला आणि विचारलं, या देशात पाऊस कुठे मिळेल?

"वफ्र्याला," ते म्हणाले. "माझा गाववाला पॉलिहाऊसात हाय तिकडं. रोपांवर वरून पाणी सोडतात. दाबून सोडलं तर राजापूरचा मृग वाटंल तुमाला."

बेत असा ठरला. शनिवारी वफ्र्याला सहलीला जायचं. पॉलिहाऊसात मिहिकाला तीच गोष्ट परत वाचून दाखवायची. आभाळ फाटतं त्या वाक्याला मी तीनदा खोकायचं आणि दत्तारामच्या गाववाल्यानं बाहेरून व्हॉल्व्ह उघडायचा. डोक्यावर थेंब पडले की पोरगी विरघळलीच, ही माझी खात्री. साठी उलटलेली बाई आणि दोन बाप्ये मिळून एका मुलीला फसवायला निघालो होतो.

वफ्रा दक्षिणेला, सौदीच्या हद्दीजवळ. फरवानियाहून गाडीनं सव्वा तास लागतो. स्वतःची गाडी नसेल तर कुणाची तरी जोडा, बसच्या भरवशावर राहू नका. वाटेत दोन्ही बाजूंना वाळू आणि थंडीच्या दिवसांत हौसेनं ठोकलेले तंबू. मग एकदम खजुराची झाडं आणि शेतं सुरू होतात. रस्त्याकडेला काकड्या-टोमॅटोची खोकी विकायला असतात. गौरी अरबी, हिंदी आणि हातवारे मिसळून भाव करत होती. विकणारा म्हणाला, "मॅडम, इतनी अरबी मत बोलो, मैं बिहार से हूँ."

पॉलिहाऊसात दमट ऊब होती आणि ओल्या मातीचा, खताचा वास. रोपांच्या दोन वाफ्यांमध्ये उलट्या क्रेटवर मिहिका बसली, समोर मी. दत्ताराम शेजारी उभे. मी सुरुवात केली. "त्या दिवशी कडक ऊन पडलं होतं." नेमकी तेव्हा वफ्र्याची धूळ माझ्या घशात गेली आणि मला खरोखरीचा खोकला आला. एकदा, दोनदा, तीनदा.

वरून पाणी कोसळलं.

माझी पानं भिजली, चष्मा भिजला, गौरीनं काकड्यांची पिशवी डोक्यावर घेतली. मिहिका जागची हलली नाही. नाकावरून पाणी ओघळत असताना तिनं विचारलं, "बट स्टोरीत तर ऊन आहे ना?" मग वरच्या नळ्या बघितल्या, मला बघितलं आणि म्हणाली, "मावशीआजी, यू आर अ चीटर." एवढं बोलून ती हसायला लागली. मीही हसले. दुसरं काय करणार, रंगेहाथ पकडली गेले होते.

गाववाल्यानं हाका ऐकून व्हॉल्व्ह बंद करायला घेतला, तर दत्ताराम ओरडले, "ऱ्हाऊ दे रं जरा."

ते पाण्याखाली तसेच उभे होते, तोंड वर करून, डोळे मिटून. नवा शर्ट, खिशात पाकीट. मिहिकानं विचारलं, "अंकल, तुम्ही का भिजताय? तुम्हाला तर ट्रिक माहीत होती."

त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं. एसीच्या माणसाला उन्हाळ्यात सुट्टी गावत नाय. इकडचा उन्हाळा म्हणजे तिकडचा पावसाळा. अकरा वर्षांत ते दरवेळी डिसेंबरातच घरी गेले. गावचा पाऊस अकरा वर्षं बघितलेला नाही. त्यांची सई आठ वर्षांची, तिनं बाबांना पावसात कधीच बघितलेलं नाही.

पाणी बंद झाल्यावर त्यांनी फोन पुसून एक चित्र दाखवलं. सईनं शाळेत काढलेलं, 'पावसाळ्यातलं माझं घर'. निळ्या रेघांचा पाऊस, कौलारू घर, आई, आजी, कुत्रा, छत्री घेतलेली सई. कोपऱ्यात एक चौकोन आणि चौकोनात मिशीवाला माणूस. बाबा पावसात मोबाइलमध्ये असतात.

मिहिकानं तो चौकोन बोटांनी मोठा करून बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ओके. लास्ट स्टोरीत पाऊस चालेल. बट नो बोट."

पुढचे दोन दिवस मी कुवेतमध्ये काही बघितलं नाही, त्यामुळे प्रसिद्ध मनोऱ्यांबद्दल मला विचारू नका. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसलो होतो. मी पहिल्या खर्ड्यात बाबाला जुलैत घरी पाठवलं. मिहिकानं पान परत सरकवलं.

"हाऊ? एसीवाल्यांना सुट्टी नसते. तुला सुचलं नाही म्हणून तू त्याला सुट्टी दिलीस."

मी पेन खाली ठेवलं. मग तीच म्हणाली, "पाऊस तूच का पाडायचा दरवेळी? तिला पाडू दे ना. डिसेंबरमध्ये."

तिथून गोष्ट सुटली. गोष्टीतली मुलगी झारी घेऊन पोटमाळ्याच्या खिडकीत चढते आणि बाबा बॅगा घेऊन दारात आला की वरून ओतते. पाऊस डिसेंबरात पडतो, कारण बाबा डिसेंबरात येतो. वर्षभरानं पहिल्यांदा मला लिहिताना भीती वाटली नाही. निघायच्या आदल्या दिवशी एक स्वच्छ प्रत दत्तारामना दिली. ते दोन आठवड्यांनी गावी जाणार होते. त्यांनी ती न वाचताच बॅगेत ठेवली, म्हणाले, सईच वाचून दाखवील.

घरी येऊन आता पंधरा-वीस दिवस झाले. खजूर संपले, स्वेटर परत कपाटात गेला. पुस्तक प्रकाशकाकडे पोचलं. बारापैकी दहा गोष्टींत पाऊस आहे. मिहिकानं हिशोब करून कळवलं, "टेन इज टू मेनी, बट दहावा अलाउड." उरलेल्या नऊ गोष्टींतला पाऊस छपाईआधी मी एकेक करून तपासणार आहे, हे तिला सांगितलेलं नाही. तेवढी फुशारकी मी तिला मारू देणार नाही.

काल दत्तारामचा व्हॉइस मेसेज आला, नाक चोंदलेल्या आवाजात. "बाई, तुमच्या गोष्टीपायी सर्दी झाली. पोरीनं पयल्या रात्री वाचली, आनि दुसऱ्या दिवशी मी बाजारातनं येतंय तर कौलावरनं अख्खी घागर. थंडीचं दिवस, काय सांगू." एवढं बोलून शिंकले आणि शिंकता शिंकता हसत राहिले.

पाठोपाठ नवं चित्र आलं. तेच घर, तोच निळा पाऊस, तोच कुत्रा. चौकोन नाही. दारात मिशीवाला माणूस, पायापर्यंत ओला. वर कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'डिसेंबर'. मी सईला फोनवर विचारलं, बाबांच्या हातात छत्री का नाही काढलीस गं?

ती म्हणाली, "छत्री दिली तर भिजतील कसे?"