रायफलवरचा पुसलेला नंबर

ऑक्टोबर, दसऱ्यानंतरचा शनिवार. बाजारातून आणलेली पापलेटं सिंकमध्ये साफ करत होते, तेवढ्यात दाराची बेल वाजली. निवृत्तीनंतर एखादं प्रकरण असं घरी चालत येईल, असं मला वाटलं नव्हतं. आलं, आणि नोकरीतल्या भल्याभल्या गुन्ह्यांपेक्षा जास्त लक्षात राहिलं.

मी महाराष्ट्र पोलिसांत निरीक्षक होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन कुवेतला नवऱ्याकडे आले. तो शुऐबा या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात आहे. इथे मला ना गणवेश, ना अधिकार. समोरच्याला अटक करता येत नाही की सोडताही येत नाही. फक्त प्रश्न विचारता येतात.

दारात दोघे होते. एक माझ्या ओळखीचा, शुवैख भागातल्या एका फर्निचर वर्कशॉपचा फोरमन. रत्नागिरी किनाऱ्यावरचा मुसलमान, पन्नाशीचा, बोलका. दुसरा त्याच्या हाताखालचा सुतार, तोंड सुकलेला. दोघांची गावं एकाच खाडीच्या दोन काठांवर, हे फोरमनने चपला काढता काढताच सांगितलं. नावं देत नाही. दोघेही अजून इथेच कामाला आहेत.

"बाई, हा चोर नाय," फोरमन म्हणाला. "पण उद्या सकाळी याला चोर म्हणून पोलिसांत देणार आहेत."

हकिकत अशी होती. वर्कशॉपचा मालक, म्हणजे ज्याच्या हमीवर या दोघांचा व्हिसा तो कफील, वयस्कर कुवेती गृहस्थ. त्याला जुन्या लहान रायफलींचा नाद. ज्यांच्या काडतुसाच्या कडेवर ठोका बसून बार उडतो, त्या पॉइंट टू-टू जातीच्या. सगळ्या परवान्यावर घेतलेल्या, ऑफिसातल्या कुलूपबंद कपाटात ठेवलेल्या. त्यातल्या एकीच्या दस्त्याच्या टोकाला फट गेली होती. ती सांधायचं काम या सुताराकडे होतं, तेही मालक शेजारी खुर्ची टाकून बसलेला असताना. गुरुवारी मालकाने रविवारच्या परवाना तपासणीसाठी ती बाहेर काढली, तर नळीवरचा नंबर गायब. धातू नव्यासारखा चकचकीत. मालकाने एकच अर्थ काढला: खरी रायफल विकली गेली आणि तिच्या जागी नकली आली.

परक्या देशात नंबर नसलेलं शस्त्र म्हणजे काय, हे मला कुणी समजावायची गरज नव्हती.

पहिलं काम दोघांना वेगळं करणं. फोरमनला हॉलमध्ये नवऱ्यासमोर बसवलं. सुताराला स्वयंपाकघरात घेतलं आणि त्याच्यापुढे लसणाची वाटी ठेवली. रिकाम्या हातांचा माणूस डोक्यात गोष्ट रचत बसतो. हाताला काम असलं की खोटं बोलताना हात थांबतो आणि आपल्याला ते दिसतं.

"रायफलीला काय केलंस?"

"मी लाकडाकच हात लावलंय, बाई. लोखंडाक नाय. खरा सांगतंय."

हात थांबला होता.

"ऑफिसची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे." हे त्याने फारच पटकन सांगितलं. सुताराकडे ऑफिसची किल्ली कोण देतो?

हॉलमध्ये जाऊन फोरमनला तोच प्रश्न विचारला.

"किल्ली माझ्याकडेच, बाई. कपाटाचीपण. काय झालं असेल तर ते माझ्या हातून. त्याला काय इचारू नका, तो आत गेलाच नाय."

माझा अनुभव असा की गुन्हेगार एकमेकांवर ढकलतात. हे दोघे आपापल्या अंगावर ओढून घेत होते. म्हणजे काहीतरी घडलं होतं, पण ते चोरीपेक्षा निराळं होतं.

फोरमनच्या फोनवर मालकाने रागाने पाठवलेले फोटो होते, आधीचे आणि आत्ताचे. संग्राहकांची एक सवय आपल्या तपासात फार उपयोगी पडते. ते वस्तूचा इंच न् इंच टिपतात. जुन्या काळी कित्येक लहान रायफलींवर कारखाने नंबर टाकतच नसत; काहींवर पेटंटचा आकडा असतो आणि नवखा माणूस त्यालाच नंबर समजतो. म्हणून हे लोक परदेशातल्या जाणकारांना फोटो पाठवून विचारत बसतात: हा शिक्का कुठल्या साली बदलला, बोल्टचा दांडा असा कधी वाकवत, हे स्क्रू मूळचे का.

मी दोन्ही फोटो शेजारी लावून पाहिले. दस्त्याच्या लाकडातल्या रेषा त्याच होत्या. बोल्टच्या मुठीवरचा पोचाही तोच. रायफल बदललेली नव्हती, याची मला बऱ्यापैकी खात्री झाली. मग नव्या फोटोतला एक स्क्रू मोठा करून पाहिला. त्याच्या खाचेत लालसर काहीतरी बसलं होतं. गंज असा नसतो. तो तपकिरी असतो.

आमच्या ठाण्यात दरवर्षी शस्त्रपूजा व्हायची. रायफली ओळीने मांडायच्या, झेंडूची फुलं, हळदकुंकू. आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रागाराचा हवालदार दातकोरणीने स्क्रूच्या खाचा कोरत सगळ्यांच्या नावाने खडे फोडायचा: "देवाला टिळा लावा की, स्क्रूला कशाला?"

मी स्वयंपाकघरात गेले. "खंडेनवमीला पूजा कुठे मांडलीत?"

लसणाची पाकळी त्याच्या हातातून खाली पडली.

"कोणाला वाचवतोयस?" मी आवाज न चढवता विचारलं.

मग तो बोलला. गावी खंडेनवमीला करवत, रंधा, पटाशी धुऊन पुसून पुजतात. त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत. इथे वर्कशॉपचं दार रस्त्यावर उघडं. कुणी पाहिलं तर काय, ही धास्ती. म्हणून जेवणाच्या सुट्टीत फोरमनने स्वतःच्या किल्लीने ऑफिस उघडून दिलं आणि स्वतःच दारात राखण करत उभा राहिला. सुताराचं चालू काम म्हणजे ती रायफल. ती हत्यारांपासून वेगळी कशी ठेवायची? फोरमनने तीही काढून दिली. आणि ती काळपट दिसत होती.

"देवासमोर तशी कशी ठेवू, बाई? पॉलिश पेपरान घासलंय. आकडे बारीक होते, माका दिसलेच नाय."

तो काळपटपणा म्हणजेच त्या रायफलीचं वय, आणि संग्राहक त्याचीच किंमत मोजतात. ते त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"मग खोटं का बोललास?"

"भाईंनी देवासाठी दार उघडल्यानी. माझ्या देवासाठी. त्यांची नोकरी घालवू?"

फोरमन दारात येऊन ऐकत होता. "बाई, मी म्हणतो, याला आज रातच्या इमानात बसवू."

"बसवा. मग हा पळालेला चोर, आणि किल्ली असलेले तुम्ही मागे उरलेला चोर. चपला घाला. शुवैखला जायचंय."

मालक वर्कशॉपमध्येच होता. जुन्या पिढीतला, त्यामुळे मुंबईच्या व्यापारातली हिंदी त्याला छान येत होती. मी सगळं सरळ सांगितलं, पूजेसकट. तो फोरमनकडे वळला.

"चावी मैंने तुमको दी थी," तो म्हणाला.

फोटोतल्या खुणा मी एकेक करून दाखवल्या. त्याने त्या भिंगाने तपासल्या. तिथे तो माझ्यापेक्षा पटाईत होता. शेवटी म्हणाला, परदेशातल्या एका जाणकाराने लिहिलं होतं, या बनावटीच्या काही रायफलींवर तोच नंबर लाकडाखालीही ठोकलेला असतो. काहींवरच. पण त्याने ती कधी उघडली नव्हती, कारण पेचकस एकदा घसरला की मूळ स्क्रूवर कायमचा ओरखडा. आणि नंबर नाहीच निघाला, तर?

हा 'तर' आम्हा चौघांच्याही मनात होता.

मालकाने पेचकस सुताराकडे सरकवला. त्याने तो दोन बोटांत अलगद उचलला.

"अरे नीट धर की!" फोरमन करवादला. "नवरीने हार धरल्यासारखा काय धरलायस!"

स्क्रू सुटले. लाकूड अलग झालं. नळीच्या खालच्या अंगाला तेलाचा जुना थर होता. मालकाने तो स्वतःच्या रुमालाने पुसला आणि परवाना शेजारी धरून आकडे एकेक करून मोठ्याने वाचले. शेवटचा आकडा जुळला तसा सुताराने पेचकस खाली ठेवला.

पण सुटका झालेली नव्हती. नळीवरचा नंबर गेला होता आणि तो कोणी घालवला हे उद्याच्या तपासणीत सरकारी दफ्तरात सांगणं भागच होतं. मालक म्हणाला, "मैं बोलूँगा. लेकिन इसको भी आना पड़ेगा." सुताराने माझ्याकडे पाहिलं. काही होणार नाही, असं मी त्याला म्हणाले नाही. ते माझ्या हातात नव्हतं. एवढंच सांगितलं, "जे मला सांगितलंस तेच सांग. भाईंचं नाव गाळू नकोस. गाळलंस की बाकी सगळं खोटं ठरेल."

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. स्वतःसाठी बोललेलं खोटं लवकर फुटतं. भीती वाढली की माणूस स्वतःच ते सोडतो. दुसऱ्यासाठी बोललेलं खोटं भीतीने आणखी घट्ट होतं. तिथे दरडावून काही मिळत नाही. तो कोणाच्या आड उभा आहे, हे आधी शोधावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या दोघांना गाडीत घालून दफ्तरात घेऊन गेले. मालक आधीच येऊन थांबला होता. दारावरच्या शिपायाने तिघांना आत घेतलं आणि मला हाताने थांबायची खूण केली. आयुष्यभर मी दाराच्या आतल्या बाजूला असायचे. बाहेरच्या बाकावर बसायची मला सवय नव्हती. कितीतरी माणसं आत गेली, बाहेर आली. यांचा पत्ता नव्हता.

अखेर तिघे आले. जबाब झाले होते. रायफल तपासणीसाठी ठेवून घेतली होती, आणि सुताराला मालकाच्या हमीवर सोडलं होतं. परत बोलावतील, असंही सांगितलं होतं. मालकाचा राग गेलेला नव्हता. गाडीत बसता बसता तो फोरमनला एवढंच म्हणाला, "अगले साल मुझसे पूछ के करना. मैं खुद दरवाज़ा खोलूँगा."

त्याची गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघेही तिथेच उभे होतो. मग मी दोघांना म्हटलं, "चला, बसा. कामाची वेळ झालीय," आणि त्यांना शुवैखला नेऊन सोडलं.