तीन भोकांची पिंपं

टोळधाड आणि धान्यावर पडणारी पाखरं मारायचं औषध सरकारने आमच्या गावाबाहेरच्या पत्र्याच्या गोदामात भरलं, किल्ली वोंडिरादच्या हातात ठेवली, आणि सरकार जे गेलं ते गेलंच. टोळ काही आले नाहीत. औषध जुनं होत गेलं, पिंपं बुडाकडून गंजू लागली. दुसरा कुणी असता तर कुलूप घालून घरी कॉफी पीत बसला असता. वोंडिराद तसा नव्हता, हेच त्याचं दुर्दैव.

दर सोमवारी रबरी बूट आणि हातमोजे चढवून तो ओळीओळीने फिरायचा. गळती लगेच दिसावी म्हणून पिंपं त्याने लाकडी फळ्यांवर उभी केली होती. ओल दिसली की तिच्यावर लाकडाचा भुसा टाकायचा, तो भरून वेगळा ठेवायचा, आणि गळक्या पिंपातलं औषध हातपंपाने धडक्या पिंपात घ्यायचा. सांडलेलं बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी सिमेंटचा कठडा होता. त्याला तडा गेला की सिमेंट कालवून स्वतःच बुजवायचा. रिकामं पिंप तीनदा धुवायचा, ते धुवणाचं पाणीसुद्धा जमिनीवर ओतायचा नाही. मग कुदळीने बुडाला तीन भोकं पाडून पिंप मागच्या खड्ड्यात ढकलायचा.

आमच्याकडे पाणी लांबून आणायचं, त्यामुळे ज्याच्या दारात लोखंडी पिंप तो सुखी. ही भोकं लोकांच्या डोळ्यांत खुपायची.

"गाशे वोंडिराद, एवढं चांगलं पिंप फोडता, देवाला काय सांगाल?" पाणी नेणाऱ्या बायका मानाने गाशे म्हणत टोमणा मारायच्या.

"कुणाला विष पाजलं नाही, एवढंच सांगेन," तो म्हणायचा, आणि त्या हसत पुढे जायच्या.

अस्नाकेच ही त्याची थोरली बहीण, त्याची इतेते. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. जवाची तेल्ला, म्हणजे घरगुती दारू, आंबवून विकायची आणि त्यावर विधवेचं घर चालवायची. तिच्या हातच्या तेल्लेला गावात तोड नव्हती. मुलगी मिंतवाबचं लग्न ठरलं तेव्हा ती गोदामाच्या फाटकाशी आली.

"एक दे रे. अख्खा गाव जेवायला येणार. माझे रांजण पुरायचे नाहीत."

"इतेते, दुसरं काहीही माग. रांजण मी भाड्याने आणून देतो."

"भाड्याच्या रांजणात दुसऱ्याच्या घरचा आंबूस वास असतो. पोरीच्या लग्नात तो पाजू होय?"

त्या दिवशी रिकामं झालेलं पिंप मध्येच उभं होतं. वोंडिरादने तिच्यादेखत त्यावर कुदळ घातली. "दगड आहेस तू," असं म्हणून अस्नाकेच शाल डोक्यावर ओढून चालती झाली. त्याने भाड्याचे रांजण पाठवले, तिने ते आल्या पावली परत केले.

तरी लग्नाचं आवतण आलं. मामाशिवाय मिंतवाब निघणार कशी? मांडवात इंजेरा आणि रश्शाची ताटं फिरत होती. वोंडिराद बहिणीची समजूत काढायला मागच्या स्वयंपाकाच्या खोपटात गेला. कोपऱ्यात निळं पिंप होतं. बुडाशी डाग देऊन बुजवलेली तीन भोकं होती.

"हे कुठून आणलंस?"

"तू दिलं नाहीस म्हणून अडेल असं वाटलं? दुबालेकडून घेतलं." दुबाले बाजारात पत्र्याचं काम करायचा. "तुझ्या खड्ड्यातून लोक काढून आणतात, तो डाग देतो. तीन भोकांचं म्हटलं की चार पैसे जास्तच मोजावे लागतात."

"जास्त का?"

"का म्हणजे? वोंडिरादने धुतलेलं असतं. तू काम अर्धवट टाकत नाहीस, हे कुणाला ठाऊक नाही?"

वोंडिरादने त्या तीन डागांवरून बोट फिरवलं. त्याची भोकं म्हणजे बाजारात खात्रीचा शिक्का झाला होता. त्याचा प्रामाणिकपणा दुबाले वजन करून विकत होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"शिवाय मी कडू पाल्याने घासलंय, ऑलिव्हच्या लाकडाची धुरी दिलीय. घे वास," अस्नाकेच म्हणाली.

त्याने वाकून वास घेतला. फक्त गोड धूर आणि आंबलेले जव. औषधाचा मागमूस नव्हता, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

"कुणी प्यायलं यातलं?"

"अजून पंगतीत काढलं नाही. मिंतवाब तेवढी सकाळपासून उपाशी, म्हणून तिला तळची दाट तेल्ला वाडगाभर पाजली. अंगात जरा..."

तो पुढचं ऐकायला थांबला नाही. मांडवात नवरीच्या तोंडातून लाळ गळत होती, कपाळावर घाम डवरला होता. बाया म्हणत होत्या, लाजून घाबरली पोर. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. गावच्या दवाखान्यात या विषावरचं इंजेक्शन नव्हतं. तालुक्याच्या वाटेवर, गाडीतच, मिंतवाब मामाच्या मांडीवर गेली.

लग्नाचाच मांडव मयताला कामी आला. अस्नाकेच कुणाशी बोलेना, जेवेना. तिसऱ्या दिवशी तिने वोंडिरादला जवळ बोलावलं.

"खरं सांग. ते पिंप तू नीट धुतलं नव्हतंस ना?"

ती काय मागतेय ते त्याला कळलं. नव्हतं धुतलं, एवढं म्हटलं असतं तर बहिणीच्या छातीवरचा दगड उतरला असता. पण मग गावाने म्हटलं असतं, एक पिंप चुकून राहिलं, बाकीची चांगली आहेत. आणि घरोघरी त्या पिंपांतून पोरंबाळं पाणी पीत होती.

"धुतलं होतं, इतेते. कितीही धुतलं तरी ते जात नाही. म्हणून तर फोडतो."

तिने तोंड फिरवलं. त्यानंतर ती त्याच्याशी कधीही बोलली नाही.

कॉफी वाटणाऱ्या बायकांनी सगळं ऐकलं होतं. निदान आता तरी लोक पिंपं टाकून देतील, एवढी एकच आशा धरून वोंडिराद उठला. मांडवाबाहेर बूट घालताना त्यांचं बोलणं त्याच्या कानावर आलं.

"गाशे म्हणतात धुतलं होतं, म्हणजे धुतलंच असणार. तो माणूस खोटं बोलायचा नाही."

"मग झालं कसं?"

"अस्नाकेचने धुरी नीट दिली नसेल. लग्नाची घाई, दुसरं काय."