उज्जीवन सभेतली साक्ष

माझ्या वडिलांची दारू सुटली ती एका साध्या रविवारी. बाबा डिफेन्सच्या कारखान्यात फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. चर्चमध्ये ते फक्त नाताळला यायचे. त्या रविवारी आईचा गुडघा दुखत होता म्हणून तिला स्कूटरवर घेऊन आले आणि मागच्या बाकावर टेकले. पाळकसाहेबांचा घसा बसला होता, उपदेश कुणाला धड ऐकू आला नाही. पापकबुलीची प्रार्थना आम्ही सगळे मिळून म्हणत होतो, तेव्हा बाबा मध्येच थांबले आणि खाली बसले.

घरी आल्यावर त्यांनी आईला स्वयंपाकघरात बसवलं. माझा धाकटा भाऊ दवाखान्यात वारला त्या दिवशी आपण कुठं पिऊन पडलो होतो, ते तिला सांगितलं. आईला ते सगळं माहीत होतं. पण त्यांच्या तोंडून तिनं ते कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात बाबा आमच्याच शहरातल्या गोहलपुरात गेले. तिथल्या एका लेथवाल्याचा हात त्यांनी नशेत मोडला होता. त्यानं बाबांना दारातच उभं ठेवलं. ते पुन्हा गेले, आणि पुन्हा. शेवटी त्यानं आत बोलावलं.

मग बुधवारी संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात मन मोकळं करून प्रार्थना करायला माणसं येऊ लागली, कुणी न बोलावता. कित्येक वर्षं एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा एकाच चटईवर बसून रडल्या. मला त्या रडण्याची लाज वाटायची. राइट टाउनच्या शाळेत मी शिकवते, शेजारी माझ्या विद्यार्थ्यांचे पालक राहतात. मी आत जाऊन टीव्ही लावायचे.

गेल्या हिवाळ्यात चर्चच्या मंडळीनं विश्वास नव्यानं जागवणारी उज्जीवन सभा ठरवली. शाळेचं मैदान, मोठे पडदे, कॅमेरे, बाहेरून येणारे नामांकित वक्ते. गायकवृंद माझ्याकडे होता. सचिव म्हणाले, देवानं आयुष्य कसं बदललं याची इथल्याच माणसाची एक साक्ष हवी, तुमच्या बाबांची जोरदार होईल.

बाबा नको म्हणाले. "मी काहून बोलू? माझं अजून चालूच आहे."

मी हट्ट धरला. इतकी वर्षं आम्ही मान खाली घालून चाललो, आता एकदा लोकांना दिसू द्या, असं म्हणाले. ते माझ्यासाठी तयार झाले.

सभेच्या दुसऱ्या दिवशी बाबा माइकसमोर उभे राहिले. आवाज बारीक होता. "मी अजून बी भिऊन राहिलो. दारूच्या ठेक्यासमोरून जात नाही, फेरा घालून जातो. रोज सकाळी देवाला म्हणतो, आजचा दिवस सांभाळ."

 बाहेरून आलेल्या वक्त्यांनी हसत माइक घेतला, बाबांच्या खांद्यावर हात टाकला आणि हिंदीत जाहीर केलं, "कल शाम, इसी मैदान में, प्रभु ने एक पल में इनकी ज़ंजीर तोड़ दी."

हालेलुयाचा गजर झाला. बाबा माइक नसताना म्हणाले, "असं नाही झालं, जी." ते आम्हा गाणाऱ्यांनाच ऐकू आलं. ते माझ्याकडे वळून बघत होते. सचिवांनी मला हातानं खूण केली. आणि मी गाणं सुरू केलं.

बाबा गाण्यातच खाली उतरले. 

तो व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. काही दिवसांनी गोहलपुरातला तो लेथवाला घरी आला. त्याची बोटं अजून नीट वळत नाहीत. त्यानं व्हिडिओ दाखवला. "भैया, आप तो मेरे पास पिछले साल आए थे. फिर ये कल शाम वाली बात क्या है?" थोडं थांबून म्हणाला, "तब जो माफ़ी माँगी थी, वो भी इसी की तैयारी थी क्या?"

बाबांनी मान खाली घातली. मी त्याला सांगितलं की स्टेजवरचं खोटं होतं, बाबांनी तिथंच नाही म्हटलं होतं आणि त्यांचं बोलणं मी गाण्यात बुडवलं. तो बाबांकडे बघत राहिला. आईनं चहा आणेपर्यंत तो उठला होता.

व्हिडिओ काढा म्हणून मी सचिवांकडे गेले. "पुष्कळांना आशीर्वाद मिळून राहिला, दीदी," ते म्हणाले. तो अजून आहे. त्यात माझा आवाज अगदी स्वच्छ येतो.

त्या बुधवारी मी पहिल्यांदा व्हरांड्यात बसले आणि सगळं सांगितलं. बोलताना शेजारच्या बाल्कनीत कुणी आहे का, हे मी दोनदा पाहिलं, याचीही मला लाज वाटते.  त्या जावांपैकी धाकटीनं सरकून मला चटईवर जागा दिली.

गोहलपूरचा माणूस नंतर आला नाही. बाबा त्याच्याकडे जातात. कधी तो बोलतो, कधी काम करत राहतो. मी सोबत येऊ का, असं विचारलं तेव्हा बाबांनी स्कूटरची किल्ली घेतली आणि म्हणाले, "इतक्यात नको, बेटा."