हॉटप्लेटवर राहिलेल्या दोन चकत्या

आमच्या कॉलेजातला सौरघटाचा प्रयोग एका बाईंच्या हातून फसला, असं सगळे मानतात. तो माझ्या हातून फसला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

सत्तरच्या दशकाची अखेर. तेल महागलं आणि सगळ्यांना अचानक सूर्य आठवला. सोलापुरात ऊन शोधत फिरावं लागत नाही, एवढ्या भांडवलावर आमचे विभागप्रमुख स्वतःला शास्त्रज्ञ समजत. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघं: मी आणि शुक्रवार पेठेतून येणाऱ्या त्या बाई. ज्याचा घट चालेल तो संशोधनाला राहील, दुसऱ्यानं आपली वाट धरावी, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

काम असं: सिलिकॉनची चकती आम्लात धुवायची, हॉटप्लेटवर तापवायची आणि लगेच तिच्यावर कथिलाच्या क्षाराचं द्रावण फवारायचं. कथिलाच्या ऑक्साइडचा पारदर्शक थर बसतो. उन्हानं सिलिकॉनमध्ये दोन प्रकारचे विद्युतभार सुटतात. हा थर त्यातल्या एकालाच बाहेर सोडतो, म्हणून वीज मिळते. पण तापलेली चकती हवेत नुसती पडून राहिली, तर तिच्यावर तिच्याच ऑक्साइडची साय धरते. ती जाड झाली की कुठल्याच भाराला वाट मिळत नाही.

माझी चकती आदल्या दिवशीच फवारून झाली होती. त्या दुपारी बाईंना परीक्षेच्या पर्यवेक्षणाला बोलावलं. आपल्या दोन चकत्या धुऊन हॉटप्लेटवर ठेवत त्या म्हणाल्या, "सर, तापल्या की लगेच फवारा हं. थांबू नका."

"आता तुम्ही मला शिकवणार?" मी म्हणालो.

आणि प्रमुखांबरोबर सात रस्ता चौकात भजी खायला गेलो. तिथं आम्ही काय बोललो? बायकांना प्रयोगशाळेतलं काही जमत नाही, हे. परतलो तेव्हा ऊन कललं होतं. चकत्या तशाच तापत पडलेल्या. मी मुकाट्यानं फवारलं. निळसर झाक अशी सुरेख आली, की लाज वाटायच्या ऐवजी मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर माझ्या घटाला मीटरचा काटा हलला. बाईंच्या दोन्ही घटांना ढिम्म.

"छान कल्हई केलीत की, बाई," प्रमुख म्हणाले. "आता यात आमटी करा."

सगळ्यात मोठ्यानं मी हसलो.

खाली उतरताना बाईंनी हळूच विचारलं, "तापल्या तापल्या फवारलंत ना, सर?"

"व्हय की!" मी मुद्दाम गावठी सूर लावून म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला. आपल्याच हातून धुण्यात काही राहिलं असेल, असं म्हणाल्या. जूनमध्ये त्या केम गावी शाळेत शिकवायला गेल्या.

मी राहिलो. तो घट पावसाळ्यातच मेला, पण त्याच्या जिवावर मी डॉक्टर झालो, पुढे प्रमुखही. कल्हईचा तो विनोद मीही वर्गात बऱ्याचदा वापरला, आणि पोरं हसलीही.

बाई केमलाच आहेत. त्यांचं काम चोख होतं आणि चकत्या मी वाया घालवल्या, हे त्यांना समोर जाऊन सांगण्याचं देणं मी अजून लागतो.